डिसेंबरात गाडीने युरोप: चौघांसाठी मार्ग, टायर आणि उजेडाचा हिशेब

तुमचा बेत मला समजला तो असा. चौघे मित्र, दोघे पुण्याहून येणार, दोघे म्युनिकला नोकरीला. २० डिसेंबर ते ७ जानेवारी. म्युनिकहून भाड्याची गाडी घेऊन इन्सब्रुक, व्हेनिस, ल्युब्लियाना, स्प्लिट, दुब्रोव्हनिक, बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग, बर्लिन आणि परत म्युनिक. एसयूव्ही घ्यावी का, फोर-व्हील ड्राइव्ह लागेल का आणि बर्फावर चाकांना घालायच्या चेन न्यायच्या का, हे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

तिन्हींची उत्तरं खाली आहेत, पण ही सहल गाडीपायी फसणार नाही. ती फसली तर उजेडापायी फसेल, म्हणून सुरुवात तिथून करतो.

२१ डिसेंबरला म्युनिकला सूर्य साधारण आठला उगवतो आणि चार वाजून वीस मिनिटांनी मावळतो. बुडापेस्ट त्याच घड्याळावर चालतं, पण बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे चार वाजायच्या आत सूर्यास्त. म्हणजे हातात आठ-सव्वाआठ तास, आणि त्यातला सकाळचा अर्धा तास काचेवरचं बर्फ खरवडण्यात जातो. तुमचा मार्ग मोजला तर साधारण ४,००० किलोमीटर होतो. अठरा दिवसांत भागला की रोजचे सव्वादोनशे, म्हणजे रोज पुणे-कोल्हापूर. ऐकायला सोपं वाटतं. पण अंतर असं समान वाटलं जात नाही. दुब्रोव्हनिक ते बुडापेस्ट हा तुमचा एकच टप्पा क्रोएशियातून झाग्रेबमार्गे साधारण ९५० किलोमीटरचा आहे. नकाशा दहा तास दाखवतो, ते कोरड्या रस्त्याचे, न थांबता. डिसेंबरात तो टप्पा म्हणजे सहा-सात तास अंधारात गाडी चालवणं, तेही दिवसभर चालवून थकल्यावर, आणि नेमक्या त्या वेळी जेव्हा तापमान शून्याखाली उतरून ओला रस्ता काचेसारखा होतो. बॉस्नियातून जाणारा रस्ता जवळचा आहे, पण तो शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर पडतो. पुण्याच्या दोघांचा व्हिसा सिंगल एंट्री असेल तर बाहेर पडलेल्या क्षणी तो संपला. (दुब्रोव्हनिकला जाताना मात्र आता बॉस्नियाचा पट्टा ओलांडावा लागत नाही. २०२२ साली पेल्येशात्सचा पूल सुरू झाला.)

मी हिवाळी मार्ग आखताना एक मोजमाप वापरतो. नकाशाने दाखवलेल्या वेळेला १.३ ने गुणायचं, दर दोन तासांना पंधरा मिनिटं मिळवायची, आणि जे उत्तर येईल ते सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन या सात तासांत बसलं पाहिजे. बसत नसेल तर टप्पा तोडायचा किंवा ठिकाण गाळायचं. साडेतीनला पोचलं की उजेडात पार्किंग सापडतं, सामान वर जातं, आणि गाव बघायला संध्याकाळ मोकळी राहते. डिसेंबरात या शहरांची खरी मजा दिवे लागल्यावरच आहे, त्यामुळे अंधाराचे तास फुकट जात नाहीत, फक्त ते पायी घालवायचे.

या मोजमापात दुब्रोव्हनिक आणि बर्लिन बसत नाहीत. दोन्ही गाळा. बर्लिन म्युनिकच्या मंडळींना कधीही रेल्वेने करता येईल. दाल्मेशियाचा, म्हणजे स्प्लिट-दुब्रोव्हनिकचा, किनारा हिवाळ्यात सुंदर आहे हे खरं, पण तिथे बुरा नावाचा वारा वाहतो. डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा हा थंड वारा इतका जोरदार असतो की ए-वन महामार्गाचा स्वेती रोक ते पोसेदार्ये हा पट्टा अनेकदा उंच गाड्यांना, कधी सगळ्यांनाच बंद होतो. एखादा दिवस राखीव असेल तर हे चालतं. तुमच्या आखणीत एकही राखीव दिवस नाही.

मी सुचवतो तो फेरा असा. २० आणि २१ डिसेंबर म्युनिक. पुण्याहून येणाऱ्यांची झोप साडेचार तासांनी सरकलेली असते, त्यांना पहिले दोन दिवस स्टिअरिंगला हात लावू देऊ नका. २२ ला साल्झबुर्ग, १४५ किलोमीटर. २३ ला सकाळी लवकर निघून टाउअर्न आणि कारावांकन बोगद्यांतून ल्युब्लियाना, साधारण २७५ किलोमीटर, आणि तिथे २६ पर्यंत चार रात्री. २७ ला झाग्रेब, १४० किलोमीटर, एक रात्र. २८ ला बुडापेस्ट, ३४५ किलोमीटर, पाच रात्री. २ जानेवारीला व्हिएन्ना, २४५ किलोमीटर. ४ ला प्राग, ३३५ किलोमीटर. ६ ला म्युनिक, ३८० किलोमीटर. एकूण १,९०० च्या आत, अठरा दिवसांपैकी फक्त सात दिवस प्रवासाचे.

ही दिशा मुद्दाम निवडली आहे. म्युनिकचा मुख्य ख्रिसमस बाजार २४ तारखेला उठतो, प्रागचा ६ जानेवारीपर्यंत चालतो. उलट्या दिशेने गेलात तर शेवटी रिकामे ओटे बघाल. ल्युब्लियानाला चार रात्री ठेवल्या त्याचं कारण २४, २५ आणि २६. या तीन दिवसांत मध्य युरोप घरात बसतो. २४ ला दुकानं लवकर मिटतात, २५ ला सगळं बंद, आणि २६ ही जर्मनी, ऑस्ट्रियाप्रमाणे स्लोव्हेनियातही सार्वजनिक सुट्टी. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि तीन दिवसांचा किराणा २३ च्या संध्याकाळीच भरून ठेवा. मध्ये एक दिवस ब्लेडच्या तळ्यावर जाऊन या, ५५ किलोमीटर, आणि हवा बिघडली तर नका जाऊ. हाच तुमचा राखीव दिवस. बुडापेस्टहून १ जानेवारीला निघायचं नाही, कारण हंगेरीत चालकाच्या रक्तात मद्याची मुभा शून्य आहे. चेकियातही तसंच. ३१ च्या रात्रीचं १ च्या सकाळी उतरलेलं नसतं.

व्हेनिस सोडवत नसेल तर झाग्रेब गाळा आणि साल्झबुर्गहून फिलाख, उदिनेमार्गे जा, सव्वाचारशे किलोमीटर, मग तिथून ल्युब्लियाना २४०. जमतं, पण ख्रिसमसचा किराणा कुठे आणि कधी भरायचा ते आधी ठरवा.

आता गाडी. चौघे आणि चार मोठ्या बॅगा यांच्यासाठी एसयूव्हीपेक्षा इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकीची, जर्मनीत जिला कॉम्बी म्हणतात ती घ्या. आकडे बघा: फोक्सवॅगन गोल्फची डिकी ३८० लिटरची, स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बीची ६४० लिटरची. विमानात जाणारी एक मोठी बॅग शंभर लिटरच्या आसपास असते. गोल्फमध्ये तीन बॅगा आणि बाकी सगळं मांडीवर येईल, वर चार जाड जाकिटं. सामान काचेपर्यंत रचलं की मागचं दिसत नाही आणि जोरात ब्रेक लागला तर तेच सामान डोक्यात येतं. गिअर ऑटोमॅटिकच घ्या. डाव्या बाजूला बसून उजव्या हाताने गिअर टाकायची सवय होईपर्यंत निम्मं लक्ष हातात असतं, आणि बर्फावर ते लक्ष रस्त्यावर हवं.

फोर-व्हील ड्राइव्ह चढाला आणि निघायला मदत करतं, थांबायला करत नाही. ब्रेक चारही चाकांना सगळ्याच गाड्यांत असतो. ताशी ५० ने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून बारा-तेरा मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर, चांगल्या हिवाळी टायरने, चाळीस मीटरच्या आसपास. गुळगुळीत बर्फाच्या थरावर शंभर. फोर-व्हील ड्राइव्हमुळे गाडी इतकी सुरेख निघते की रस्ता निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही, कळतं ते पहिल्या वळणावर. तुमच्या मार्गावर पुढच्या चाकांवर चालणारी कॉम्बी आणि चांगले टायर पुरेसे आहेत. पैसे टायरवर आणि विम्यावर घाला.

टायरचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्ता हिवाळी स्थितीत असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. स्लोव्हेनियात १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. चेकियात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च, बर्फ असेल किंवा पारा ४ अंशांखाली जाण्याची चिन्हं असतील तर. जर्मनीत तारखा नाहीत, रस्त्याची स्थिती बघतात. पण तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसता एम-प्लस-एस (चिखल आणि बर्फ) शिक्का चालत नाही, तीन शिखरं आणि आत हिमकण असं चित्र टायरच्या बाजूवर असावं लागतं. गाडी ताब्यात घेताना खाली वाकून ते चित्र चारही चाकांवर शोधा.

मग टायरच्या खाचांची खोली मोजा. ऑस्ट्रियात हिवाळी टायरची खाच ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कायद्याने तो हिवाळी टायर उरतच नाही. मोजायला खिशातलं दोन युरोचं नाणं पुरतं. त्याची बाहेरची रुपेरी कडा साधारण ४ मिलिमीटरची आहे. नाणं मुख्य खाचेत उभं घाला. रुपेरी कडा पूर्ण बुडून सोनेरी भाग टायरला टेकला तर ठीक. रुपेरी पट्टा बाहेर डोकावत असेल तर गाडी बदलून मागा, आणि काउंटरवरच मागा. दुसऱ्या दिवशी फोनवर कोणी ऐकत नाही.

त्याच काउंटरवर आणखी चार गोष्टी लेखी घ्या. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, हंगेरी आणि चेकिया या पाचही देशांत गाडी नेण्याची परवानगी. हिवाळी टायर भाड्यात आहेत की वेगळे पैसे. प्रत्येक चालकाचं नाव करारात. आणि डिपॉझिट किती अडकणार. डिपॉझिटसाठी मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट बहुतेक ठिकाणी चालत नाही. भारतातलं कार्ड असेल तर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करून मर्यादा वाढवून ठेवा; आपल्याकडे ते मुळात बंद असतात. स्टेपनी आहे का हेही बघा. पुष्कळ गाड्यांत आता फक्त पंक्चर भरायचा डबा आणि हवेचा छोटा पंप असतो.

चेन घ्या. महामार्गावर त्या जवळजवळ कधीच लागत नाहीत, लागतात त्या मुक्कामाच्या घराकडे चढणाऱ्या शेवटच्या दोन किलोमीटरांत. निळ्या गोलात चेन घातलेल्या चाकाचं पांढरं चित्र दिसलं की पुढे चेन सक्तीची. आधी गाडीच्या पुस्तिकेत बघा, कारण काही मोठ्या मापाच्या टायरवर चेन घालायला मनाई असते. टायरच्या बाजूवरचं माप, २०५/५५ आर १६ असं काहीतरी, टिपून त्याच मापाची जोडी घ्या. आणि म्युनिकलाच, कोरड्या पार्किंगमध्ये, दोघांनी एकदा घालून काढून बघा.

घालायची रीत अशी. चढाच्या आधी, सपाट जागी, रस्त्याच्या बाहेर थांबायचं. अर्ध्या चढावर चाक फिरायला लागल्यावर उशीर झालेला असतो. डोक्याला टॉर्च, हातात रबरी मोजे, गुडघ्याखाली पायपुसणं. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. लवचिक तारेची कडी चाकाच्या मागून आत सरकवा, दोन्ही टोकं चाकाच्या वर आणून एकमेकांत अडकवा, मग तार चाकामागे पूर्ण ढकला. पुढच्या बाजूचा आकडा अडकवा, खालची साखळी रंगीत कडीतून ओवून ताणा आणि उरलेलं टोक आडव्या दुव्यात अडकवून टाका. लोंबतं राहिलं तर ते चाकाच्या कमानीवर आपटून पत्रा फोडतं. चेन इंजिन ज्यांना फिरवतं त्या चाकांवर, म्हणजे तुमच्या गाडीत पुढच्या. पन्नास-शंभर मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणा. हे जो विसरतो त्याची चेन सुटते. वेग ताशी ५० च्या वर नाही. काळा रस्ता लागला की लगेच काढा.

सकाळची तयारी हा वेगळा विषय आहे, कारण रोजचे अपघात तिथून सुरू होतात. काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. प्लास्टिकच्या खरवडणीने पूर्ण काच साफ करा, सगळ्या काचा, आरसे आणि दिवे. टपावरचं बर्फही झाडून काढा. तसंच ठेवलं तर गाडी आतून गरम होते, खालचा थर सुटतो आणि पहिल्या मोठ्या ब्रेकला बर्फाची अख्खी लादी तुमच्याच पुढच्या काचेवर येते. इंजिन चालू ठेवून गाडी गरम करत उभं राहणं जर्मनीत दंडनीय आहे, तेव्हा खरवडा आणि निघा.

काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी असेल तर नळीतच गोठतं. उणे २० चं हिवाळी द्रव भरा आणि पाच लिटरचा कॅन डिकीत ठेवा. महामार्गावर मीठ टाकलेला चिखल पुढच्या ट्रकच्या चाकांवरून सतत उडत असतो, दिवसाला लिटरभर द्रव सहज संपतं. ते संपलं की दोन मिनिटांत काच पांढरी, आणि समोर खाली उतरलेला सूर्य. पारा दहा अंशांनी उतरला की टायरमधली हवा साधारण ०.१ बारने कमी होते, ती दर तीन-चार दिवसांनी तपासा. गाडी डिझेलची असेल तर टाकी थंड भागातच भरा, कारण तिथल्या पंपांवर हिवाळी, म्हणजे थंडीत न गोठणारं, डिझेल असतं. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. टाउअर्नच्या अलीकडे तीन तास अडकलात तर हीटर त्याच इंधनावर चालणार आहे.

कोंडीत एक नियम पाठ हवा. वाहतूक मंदावली की सर्वांत डाव्या रांगेने डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी करायची. सायरन ऐकू आल्यावर नव्हे, रांग थबकायला लागल्याबरोबर. आपल्याकडे हाताला ही सवय नसते, म्हणून पुढे बसणाऱ्याने आठवण करायची. गावातल्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो गल्लीतून का येईना.

लायसन्सबद्दल म्युनिकच्या दोघांनी नीट वाचावं. जर्मनीत रहिवासी म्हणून आल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं. त्यानंतर ते तिथे वैध नाही, आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असला तरी नाही. वर्षभर तिथे राहणारा मित्र भारतीय लायसन्सवर गाडी चालवत असेल तर तो विनापरवाना चालवतोय, आणि अपघात झाला तर विमा हात वर करेल. पुण्याच्या दोघांची स्थिती उलट सोपी आहे. पाहुणे म्हणून ते मूळ लायसन्स आणि आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ ठेवून चालवू शकतात. तो परवाना एक वर्ष चालतो आणि एकटा दाखवून उपयोग नाही, मूळ लायसन्स लागतंच. सातही दिवशी किमान दोन चालक हवेत. एकच निघाला तर माझा सल्ला सरळ आहे: ही शहरं रेल्वेने करा आणि गाडी फक्त साल्झबुर्ग-ब्लेडच्या डोंगरांसाठी घ्या.

व्हिसाची एक मेख. शेंगेनचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो, जिथे विमान उतरतं तिथे नव्हे. वरच्या आखणीत रात्री मोजा: जर्मनी तीन, ऑस्ट्रिया तीन, स्लोव्हेनिया चार, क्रोएशिया एक, हंगेरी पाच, चेकिया दोन. म्हणजे अर्ज हंगेरीकडे. जर्मनीकडेच करायचा असेल तर आधी रात्री तशा बदला, मग आरक्षणं करा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, डिसेंबरच्या तारखांना गर्दी असते, तेव्हा सप्टेंबर संपायच्या आत रात्रींचं कोष्टक पक्कं हवं. व्हिसासाठीचा प्रवासी वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट गाडीतच जवळ ठेवा. शेंगेनमध्ये सीमा नाहीत असं आपण म्हणतो, पण जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून सगळ्याच जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे. म्युनिकच्या दोघांनी रहिवासाचं कार्डही न्यावं.

महामार्गाचे पास गाडीचा नंबर कळल्यावरच काढता येतात, म्हणजे २२ ला सकाळी गाडीत बसून. ऑस्ट्रियाचा दहा दिवसांचा पास दोनदा लागेल, २२ पासून एक आणि २ जानेवारीपासून दुसरा. टाउअर्न आणि कारावांकन बोगद्यांचा टोल त्याशिवाय वेगळा. स्लोव्हेनियाचा सात दिवसांचा पास आधीच काढा, कारावांकनमधून बाहेर पडता पडताच तो लागू होतो. क्रोएशियात आपल्याकडच्यासारखे नाके आहेत. हंगेरीचा आणि चेकियाचा दहा दिवसांचा. नंबर टाकताना देश जर्मनी निवडा, आणि इंग्रजी ओ आणि शून्य यांत गफलत करू नका. एक अक्षर चुकलं तर पास नसल्यासारखाच दंड. प्रत्येक देशाच्या सरकारी संस्थेच्याच साइटवरून घ्या, तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट खूप आहेत. व्हिएन्नाहून प्रागला जाताना नकाशा ब्रातिस्लाव्हातून वळवत असेल तर थांबा, तिथे स्लोव्हाकियाचाही पास लागेल. मिकुलोव्ह, ब्रनोमार्गे जा.

शहरात पोचल्यावर गाडी उभी करून विसरून जायची. व्हिएन्नात १ मार्च २०२२ पासून जवळजवळ सगळ्या शहरात सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते रात्री दहा सशुल्क अल्पकालीन पार्किंग आहे, तेव्हा मेट्रोला जोडलेल्या कडेच्या पार्किंगमध्ये ठेवा. ल्युब्लियानाच्या जुन्या गावात गाडीला प्रवेशच नाही. घर आरक्षित करताना ‘पार्किंग’ शब्दावर विश्वास ठेवू नका. आवारात, किती उंचीचं आणि राखीव आहे का, हे मालकाला विचारा.

निघायचं की नाही हे आदल्या संध्याकाळी सातला ठरवा आणि सकाळी सातला पुन्हा एकदा बघा. जर्मन आणि ऑस्ट्रियन हवामान खात्यांचे इशारे, स्लोव्हेनियासाठी दार्स या तिथल्या महामार्ग कंपनीची रस्तेस्थिती, क्रोएशियासाठी तिथल्या ऑटोक्लबची. बर्फ पडतंय म्हणून थांबायची गरज नसते, नांगर फिरवणाऱ्या गाड्या तासाभरात येतात. गोठणारा पाऊस सांगितला असेल तर मात्र मुळीच हलायचं नाही. त्यावर कोणताही टायर चालत नाही. पारा ३ अंशांवर आला की पूल, जंगलातली सावली आणि बोगद्याचं तोंड या तीन जागी आधीच वेग कमी करा. पूल खालूनही गार होतो म्हणून तो सर्वांत आधी गोठतो. टाउअर्नच्या उत्तरेला जोरात बर्फ आणि दक्षिणेला ऊन असं नेहमी घडतं, त्यामुळे साल्झबुर्गच्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावर निर्णय घेऊ नका. शनिवारी स्कीवाल्यांचे मुक्काम बदलतात, टाउअर्नचा रस्ता तुंबतो. आणि २३ तारखेला बाल्कनकडे घरी जाणाऱ्यांची कारावांकनला रांग असते, म्हणून त्या एका दिवशी उजाडायच्या आधी, साडेसातला निघा. साल्झबुर्गमधला महामार्ग सपाट आणि मीठ टाकलेला असतो, डोंगर लागेपर्यंत उजेड होतो.

मित्रांमध्ये दोन गोष्टी निघण्याआधी बोलून घ्या. पहिली, चालवणाऱ्याने थांबू म्हटलं की थांबायचं, त्यावर मतदान नाही. आरक्षणाचे पैसे बुडतील या विचाराने लोक नको तेव्हा निघतात, म्हणून ल्युब्लियाना आणि झाग्रेबची घरं रद्द करता येणारीच घ्या. दुसरी, दंड. कॅमेऱ्याचा दंड दोन-तीन महिन्यांनी गाडीच्या कंपनीमार्फत, तिचं शुल्क लावून येतो, तेव्हा सगळे आपापल्या घरी असतात. तो चौघांत वाटायचा की चालवणाऱ्याचा, हे आजच लिहून ठेवा.

खाण्याचं सामान पुण्याहून आणताना तूप, पेढे, चक्का, मटणाचं किंवा दुधाचं काहीही आणू नका, युरोपीय संघात बाहेरून ते आणायला मनाई आहे. मेतकूट, भाजणी, पोहे, दाण्याची चटणी खुशाल आणा. तूप म्युनिकच्या भारतीय दुकानात मिळतं. गाडीच्या आत, डिकीत नव्हे, प्रत्येकासाठी एक फ्लुरोसंट जाकीट, थर्मासमध्ये चहा, एक ब्लँकेट आणि भरलेली पॉवरबँक. जाड जाकीट काढून मग पट्टा लावा. फुगलेल्या जाकिटावर पट्टा घट्ट बसत नाही.

गाडी परत करताना ती ७ ला सकाळी धुऊन द्या, ६ जानेवारीला बव्हेरियात सुट्टी असते. मिठाच्या थराखाली ओरखडे दिसत नाहीत, मग ते नंतर ‘सापडतात’ आणि तुमच्या कार्डावर येतात. घेताना आणि देताना चारही बाजू, चारही चाकं, काच आणि मीटर यांचे फोटो.

म्युनिकच्या दोघांपैकी कोणाकडे जर्मन लायसन्स आहे ते कळवा. दोघांकडेही नसेल तर सगळा भार पुण्याच्या दोघांवर येईल, आणि मग झाग्रेब-बुडापेस्टचा टप्पाही बालातॉन तळ्यापाशी एक रात्र थांबून तोडावा लागेल.